चिंधूने मागितलेली एकचाकी

सिंदी मेघेच्या पुढे, डांबरी रस्ता संपतो तिथे, धनंजय साहेबांची घोडेस्वारीची शाळा आहे. सहा घोडे, सहा खण, आणि सहाही खणांची लीद काढणारा एकटा चिंधू. त्याला वय विचारलं तर म्हणायचा, "शाळेच्या दाखल्यावर एक हाये, मायच्या हिशोबानं एक हाये. तुमाले कोणतं पायजे?" दोन्ही पंचावन्नच्या आसपासच होती.

चौदा वर्षं खणांत घोड्यांखाली कुटार, मळणीतला काडीकचरा, पसरलेलं असायचं. सकाळी लोखंडी दाताळ्याने ओलं कुटार आणि लीद पोत्यावर ओढायची, पोत्याची टोकं धरायची आणि फरफटत मागच्या खड्ड्यापर्यंत न्यायची. नंतर खराटा मारला की फरशी जेवणाच्या ताटासारखी.

मग साहेबांनी मोबाइलवर काहीतरी पाहिलं. साहेबांनी मोबाइलवर पाहिलेली गोष्ट आठ दिवसांत ट्रकमधून उतरते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. या वेळी उतरल्या लाकडाचा भुसा दाबून केलेल्या गोळ्या. करंगळीपेक्षा बारीक, पिवळट, पोतीच्या पोती.

"हे तं कोंबड्याइचं खाद्य हाये," गोपाल म्हणाला. हा चाळिशीचा. घोडे फिरवणं, खोगीर बांधणं त्याच्याकडे.

"पेलेट म्हणतात, पेलेट," साहेब म्हणाले. "बेसिकली काय ए, पाणी मारायचं, फुगू द्यायचं, मऊ भुसा होतो. रोज फक्त लीद आणि ओला भाग उचलायचा. बाकी तसंच ठेवायचं. अख्खं काढायचं नाही, चिंधू. कळलं ना?"

बैलाची शेपटी पिळावी तसं साहेब प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'कळलं ना' पिळत.

चिंधूला कळलं होतं, त्याच्या हातांना मात्र कळेना. लोखंडी दाताळ्याच्या फटींतून लीद गळून पडे. फावडं घेतलं तर चांगला कोरडा भुसाही लिदीबरोबर खड्ड्यात जाई. शेवटी साहेबांनी नवी अवजारं मागवली आणि म्हणाले, "तूच निवड." चौदा वर्षांत पहिल्यांदा त्याला कोणी काही निवडायला सांगत होतं. मैना नावाच्या म्हाताऱ्या घोडीच्या खणात शिरून त्याने एकेक हत्यार घालून पाहिलं. तिसरं हलकं होतं, प्लास्टिकचं, दाट दातांचं, लांब दांड्याचं. त्याने ते मनगटातून हलवलं. भुसा झरझर खाली, लीद वर.

"हे चाळते साहेब. सुपावानी. हेच ठेवा."

"व्वा. आणखी काय लागेल? सांगून टाक."

"एकचाकी गाडी लागन. पोतं तं आता वढता येत नाई."

ते खरं होतं. ओला भुसा पोत्यातून सांडायचा, अंगणात बसवलेल्या नव्या सिमेंटच्या गट्टूंवर रेघ उठायची, आणि गट्टूंवरून पोरांचे आईबाप चालत. म्हणून साहेबांनीच पोतं बंद केलं होतं.

"गाडी येईल पुढच्या महिन्यात. तोवर ते टोपलं आहे ना? डोक्यावर घेतलं की दोन मिनिटांत खड्डा."

"डोक्यावर नाई घेत मी."

"का रे? चक्कर येते?"

"नाई. घेत नाई."

"नखरे बघ," साहेब गोपालकडे पाहून हसले.

रोहण्यात, चिंधूच्या गावी, त्याच्या आजाच्या टाळूवर एक गोल होतं. तिथे केस उगवत नसत. गावची घाण टोपल्यात डोक्यावरून वाहून वाहून पडलेलं ते गोल. छप्पन साली धम्म घेतला त्या आठवड्यात आजाने टोपलं अंगणात जाळलं. गोल मात्र मरेपर्यंत राहिलं. लहानपणी चिंधू त्यावरून बोट फिरवायचा. आजा म्हणायचा, "हे माह्यावर थांबलं पायजे." एवढी गोष्ट साहेबांना सांगायची कशी? त्याने दोन बादल्या घेतल्या. ओला भुसा दगडासारखा जड. महिन्याच्या जागी तीन महिने गेले आणि बादल्यांच्या कड्यांनी तळहात सोलून निघाले.

एका शनिवारी गाडी आली. हिरवीगार, हवेच्या टायरची. चिंधूने चाक बोटाने फिरवून पाहिलं. आवाजसुद्धा नाही.

"याच्यात लीद नको हां," साहेब म्हणाले. "गंज धरेल. गोपाल, गेटवरची पोती आणायला ही तू घे. बादल्याही पाण्याला लागतात. चिंधू, तुला टोपलं आहेच. कळलं ना?"

संध्याकाळी गोपालने आपल्या दुपट्ट्याची गोल चुंबळ वळून टोपल्यावर ठेवली. "घे चिंधूभाऊ, तुह्यासाठी मऊ केली." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. तेच जास्त लागलं.

रविवारी आठला पोरं येतात. पावणेआठला साहेब बाहेर आले तर चिंधू दाट दातांचं दाताळं हातभर पुढे धरून खड्ड्याकडे चालला होता, दिवा विझू नये तसा. दाताळ्यावर चार गोळे लीद. ती टाकली, परत आला, पुन्हा चार गोळे. दोन खण झाले होते, चार बाकी.

"हे काय चालवलंय? टोपलं कुठे आहे?"

"कोपऱ्यात हाये."

"अशानं दुपार होईल. लोक गाड्यांतून उतरून राहिलेत." साहेब वळले. "गोपाल, उचल रे तू ते टोपलं. घे डोक्यावर, लवकर."

गोपाल जागचा हलला नाही. "मी? साहेब, आमच्यात डोक्यावर लीद नाई घेत."

"हां, हां. बरोबर. राहू दे," साहेब लगेच म्हणाले.

चिंधू रिकामं दाताळं घेऊन उभा होता.

"पाह्य गोपाल," तो म्हणाला, "तुले एका वाक्यात जमलं."

गोपालने मान खाली घातली. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "चिंधू, एक तारखेपासून मी दुसरा माणूस बघतो. असं नाही चालत. कळलं ना?"

"कळलं."

तो मैनाच्या खणात गेला. लीद चाळली, भुसा सारखा केला, चार गोळे उचलून पुन्हा चालू लागला. फाटकाशी पोरं रांग लावून उभी होती. दोघं तिघं नव्या हिरव्या गाडीत बसून फोटो काढत होती. परत येताना त्याला दिसलं, गोपाल कोपऱ्यात टोपल्यापाशी उकिडवा बसून चुंबळ उलगडत होता. दुपट्टा त्याने दोनदा झटकला आणि खांद्यावर टाकला.