शिट्टी वाजवणाऱ्या ओठांसाठी

मी सेलूच्या होमगार्ड पथकात होते. शिक्षण चौथी. ड्यूटी बहुतेक ट्रॅफिकची. तोंडात शिट्टी, डोक्यावर बॅरेट कॅप. बॅरेटला पुढं पट्टी नसते, त्यामुळे तोंडावर सावली पडत नाही. सगळ्यात जास्त ऊन खालचा ओठ खातो. आम्ही बायका ओठांना खोबरेल लावायचो, फुटले की साय. त्यानं ओठ मऊ होतो, ऊन अडत नाही.

कौसल्या माझ्याच सेक्शनची. तिच्यासारखी शिट्टी पथकात कुणाची नव्हती. तिच्या खालच्या ओठावर खपली धरायची, निघायची, परत धरायची. आमच्याकडे बाईच्या ओठावर फोड दिसला की लोक मिसरीचं नाव घेतात. कौसल्यानं मिसरीला कधी बोट लावलं नाही. उलट ती गल्लीतल्या बायकांच्या मिसरीच्या डब्या उकिरड्यावर फेकायची.

"दवाखान्यात दाखव," मी म्हणाले.

"अन् गावानं काय म्हणावं, आक्का? दुसऱ्याच्या डब्या फेकायली अन् सोता चोरून घासायली?"

तिनं दाखवलं नाही. खपली सहा महिने तशीच राहिली.

उन्हाळ्यात पोखर्णीला जत्रेचा बंदोबस्त लागला. कौसल्या पॉइंट तीनवर, वळणाला. मी पॉइंट दोनवर, तिथून ती दिसत होती. दुपारी रसवंतीपुढून एक टेम्पो मागे यायला लागला. त्याच्या मागं एक बाई खाली बसून लेकराच्या पायात चप्पल घालत होती.

वॉकीटॉकीवर कमांडर ओरडले. "पॉइंट तीन, टेम्पो रिव्हर्स येतोय. शिट्टी मारा."

शिट्टी आली नाही.

"पॉइंट तीन! ओव्हर!"

कौसल्यानं शिट्टी तोंडात धरली आणि काढली. परत धरली. ओठ मिटतच नव्हता. मग तिनं शिट्टी दातांत आवळली आणि फुंकली. टेम्पो त्या बाईपासून हातभर अंतरावर थांबला. मी पळत पोचले तेव्हा कौसल्याची कॉलर रक्तानं भिजली होती.

"वाजली का?" तिनं विचारलं.

"वाजली."

"मग बस झालं."

दवाखान्यात ओठाचा तुकडा काढून तपासला. कॅन्सर. डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न मिसरीचाच केला. कौसल्यानं नाही म्हणून मान हलवली. बाई म्हणाल्या, "तंबाखूनं जास्त होतो. पण वर्षानुवर्षं ऊन लागलं तर त्यानंही होतो. खालच्या ओठालाच."

कौसल्या माझ्याकडं वळली. "ऐकलं का आक्का? चौकात सांग."

गाठ गळ्यात उतरली होती. कौसल्या पुढचा उन्हाळा बघू शकली नाही.

डॉक्टरीणबाईंनी मला ओठाचा बाम सांगितला होता. मेडिकलवाल्यानं आधी गुलाबी, वासाचा, चकचकीत दिला. मी परत केला. डबीवर झिंक ऑक्साइड लिहिलेलं पाहिजे. एसपीएफ तीस किंवा वर पाहिजे. वास नको, पुदिना नको, फुटलेल्या ओठाला तो झोंबतो. तारीख बघून घ्यायचा. घराबाहेर पडायच्या आधी जाड थर, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. चहा प्याला, तोंड पुसलं की परत. काहीच झालं नाही तरी दोन तासांनी परत. वर्दीच्या खिशात ठेवला तर वितळतो, पिशवीत ठेवायचा. आणि पंधरा दिवसांत न भरणाऱ्या जखमेवर बाम चोपडत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा.

आता मी रिटायर आहे. परेडच्या दिवशी मैदानावर जाते आणि नव्या पोरींचे ओठ बघते. मी लावायला दिलेल्या बामानं ओठ पांढरे दिसतात म्हणून त्या हसतात.

"आक्का, लग्नाच्या घरावानी चुना लावायलाव का आमाला?"

"चुनाच समज. लाव मुकाट."

कौसल्याच्या तिसऱ्याला बायका कुजबुजल्याच, मिसरी लावत असणार. ऑफिसात ड्यूटीवर असताना वारलेल्यांचा फलक आहे. कौसल्या खाटेवर गेली, म्हणून तिचं नाव त्यावर नाही. मी चौकात सांगितलं, मैदानावर सांगते, इथंही लिहिते. कौसल्या, पॉइंट तीन. मिसरीनं नाही. उन्हानं.