मखरावरचा फोकस

भंगारात द्यायचा जुना फोकस चालतो का म्हणून लावून बघितला, तर तापलेल्या काचेवरची धूळ जळल्याचा वास आला आणि मुलुंडच्या आमच्या तळमजल्यावरची डिसेंबरातली सकाळ आठवली. मागच्या अंगणात पाळायला मी ऑनलाइन मागवलेली कोंबडीची बारा पिल्लं भोकांच्या खोक्यातून आली, ती प्रवासात गारठून एकमेकांवर चढलेली. डोंगराकडून बोचरा वारा सुटला होता. आई दारातच आडवी आली. "मार्गशीर्षातला गुरुवार, घट मांडलाय, आणि तू घरात कोंबड्या आणतेस?" "यातलं एकही मरू देणार नाही," मी म्हटलं आणि खोक्यावर बल्ब टांगला. अर्ध्या तासाने बघते तर पिल्लं आणखीच आक्रसलेली. बल्ब एलईडीचा; उजेड लख्ख, ऊब काहीच नाही. घरातले सगळे दिवे तसलेच. एका पिल्लाने तर मान टाकायला घेतली. तेव्हा आई स्टुलावर चढली आणि माळ्यावरून गणपतीच्या मखरावर लावायचा हा जुना, तापणारा हॅलोजनचा फोकस काढून घेऊन आली. "रडतेस काय? गूळपाणी कर." ते पिल्लू ओंजळीत धरून तिने त्याची चोच गूळपाण्यात बुडवली, पुन्हा बुडवली, ते गिळेपर्यंत सोडलं नाही. दुपारी बाराच्या बारा पिल्लं फोकसखाली पंख सैल सोडून झोपली, तेव्हा कुठे आई परत आंघोळ करून पूजेला बसली. आज फोकस पुन्हा त्याच्या खोक्यात घालताना झाकण उलटलं. त्यावर आईच्या अक्षरात 'गणपती' लिहिलेलं, आणि त्याखाली, वेगळ्या शाईत, 'व पिल्लं'.