नवव्या सोमवारची शर्यत

पनवेलच्या एका शाळेत मी एकवीस वर्षं विज्ञान शिकवतोय. दहावीचा पेशीतल्या श्वसनाचा धडा मला झोपेतही म्हणता येईल. ऑक्सिजन नुसता रक्तातून फिरून उपयोगाचा नाही, पेशीत जाळायला ग्लुकोजही हवं. चूल पेटवायची तर वाऱ्याबरोबर लाकूडही लागतं, हे मी दरवर्षी घसा फोडून सांगतो. घरी मात्र माझी दातखीळ बसते.

माझी मुलगी पंधराशे मीटर धावायची. रोज पहाटे खांदा कॉलनीतून रोडपालीपर्यंत आणि परत. दहावीत असताना जिल्ह्याच्या संघाची निवड चाचणी ठरली, तशी तिच्या आईने तिला सोळा सोमवार धरायला लावले. नवस बोलली ही, उपाशी राहायचं पोरीने. आणि उपास कसला, तर संध्याकाळच्या पूजेपर्यंत पाण्याचा थेंबही नाही. चाचणी नेमकी नवव्या सोमवारी आली, ऑक्टोबरच्या उन्हात, दुपारी तीन वाजता.

प्रशिक्षकांनी बजावलं होतं, निघण्याआधी केळी, गूळ-शेंगदाणे आणि भरपूर पाणी. मी बायकोला चाचरत म्हटलं, की एवढा एक सोमवार सोडला तर चालणार नाही का. व्रत मोडलं आणि पोरगी हरली तर ते पाप तुम्ही घ्याल का, असं तिने विचारलं. मी पेपर उघडून बसलो.

निघताना पोरगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "बाबा, खाऊ का काहीतरी?"

आत भांड्यांचा आवाज थांबला. मी म्हटलं, "आईला विचार." तिने विचारलं नाही, बूट घातले.

कळंबोलीच्या मैदानावर तीन फेऱ्या ती दुसरी होती, आणि निवड दोघींचीच व्हायची होती. मग पाय जड झाले. एकेक मुलगी तिला मागे टाकत गेली. तोंड उघडून ती हवा ओढत होती. हवेला काय तोटा होता? जाळायला शरीरात काही उरलं नव्हतं आणि पाण्यावाचून रक्त घट्ट झालं होतं. मी कठड्याला टेकून सगळा धडा डोळ्यांनी वाचत होतो. माझीच मला किळस आली. ती सहावी आली, खाली बसून ओकली, नुसतं पित्त. प्रशिक्षकांनी विचारलं, काय खाल्लं होतं हिने? उन्हाने झालं असेल, असं मी सांगितलं.

उरलेले सात सोमवार तिने मुकाट्याने केले. बूट मात्र पुन्हा घातले नाहीत.

अकरावीच्या अर्जात तिने कॉमर्स भरलं. विज्ञानात मार्क उत्तम होते, म्हणून मी समजावायला गेलो. विज्ञान घे, म्हटलं, मी आहे ना शिकवायला.

मोबाइलवरची नजर न काढता ती म्हणाली, "तुम्हाला तर सगळं येत होतं, बाबा."