धूर गेला कुठं?

कल्याणच्या आमच्या इंजिन शेडमध्ये डिझेलवाल्यांना इलेक्ट्रिकचं ट्रेनिंग सुरू झालं, तेव्हाच मी किस्से टिपायला एक वही करायला हवी होती! आता डबा खाताना कुणी एक किस्सा काढला की दहा निघतात, भाजी गार होते. निम्म्यांत आमचे साळवीकाका. तीस वर्षं डिझेल मेकॅनिक, राहणार कोपर. वर्गात मी त्यांच्या शेजारी बसायचे.

*

पहिल्याच तासाला सर म्हणाले, "इलेक्ट्रिक इंजिन, धूर शून्य!"

काका उठले. "सर, वीज कोळशाचीच ना? मग धूर गेला कुठं? विदर्भात!"

वर्ग हसून लोळला. सर मात्र खूश! "बरोबर बोललात. पण डिझेल इंजिन जन्मभर डिझेलच पिणार. तारेत उद्या उन्हाची वीज आली, तर हे इंजिन एक स्क्रू न बदलता तीच खाणार!"

काका खाली बसले. मला हळूच म्हणाले, "माणूस तयारीचा आहे गं."

*

एकदा शेडसमोरून कोळशाची मालगाडी गेली. पुढे इलेक्ट्रिक इंजिन.

काका ओरडले, "बघा! स्वतःचा डबा स्वतःच घेऊन निघालंय!"

*

काकूंची तक्रार वेगळीच. पूर्वी जिन्यात डिझेलचा वास आला की त्या चहा टाकायच्या. "आता हे दारात उभे राहिले तरी पत्ता नाही. बेल वाजवतात, पाहुण्यासारखे!"

*

काकांना परीक्षेची जाम धास्ती. नापास झालो तर सरळ घरी, म्हणून व्हीआरएसचा अर्ज लिहून खिशात ठेवलेला. निकाल लागला, काका पास! मी म्हटलं, "आता फाडा तो अर्ज."

"वेडी आहेस का? मागच्या बाजूला अख्खं सर्किट काढलंय!"

*

आणि मग कसारा घाट. टेस्टिंगसाठी आम्ही दोघं इंजिनात, गाडी इगतपुरीहून खाली उतरत होती. लोको पायलटने ब्रेक लावला आणि स्क्रीनवरचा विजेचा आकडा पळायला लागला.

"हे काय?" काकांनी विचारलं.

"उतारावर मोटारी वीज बनवतात, काका. ती तारेत परत जाते. जवळपास जी गाडी चढत असेल, ती वापरते."

तेवढ्यात शेजारच्या लाइनवर एक लांबलचक मालगाडी घाट चढताना दिसली. काकांनी खिडकी उघडली, अर्धे बाहेर वाकले आणि दोन्ही हात हलवत जिवाच्या आकांताने ओरडले,

"चढ रे बाळा, चढ! आम्ही आहोत!"