वायरलेस नानांचं रजिस्टर

आमच्या नानांना कुणी रामराम घातला, की उलट रामराम घालायच्या आधी ते विचारत, "आवाज कसा येतोय? पाचपैकी किती?" माणूस नवखा असला तर गोंधळायचा. वारूळवाडीची माणसं मात्र सरावलेली होती. दूधवाला तर मोटरसायकल न थांबवताच ओरडायचा, "पाच, नाना, पाच!" वायुदलात रेडिओचा संच दुरुस्त झाला, की पलीकडच्या माणसाला आवाज कसा येतो ते विचारायचं आणि त्यानं पाचपैकी मार्क द्यायचे, अशी पद्धत. वीस वर्षं हेच केल्यामुळे समोर उभा असलेला माणूसही नानांना पलीकडच्या टोकाला वाटायचा. मार्क मिळाल्याशिवाय ते पुढचं बोलणं सुरू करत नसत.

नाना म्हणजे माझे सख्खे चुलते, माझ्या वडिलांचे, अण्णांचे थोरले भाऊ. अठराव्या वर्षी ते वायुदलात भरती झाले आणि रेडिओ फिटर झाले. वैमानिक आणि जमिनीवरची माणसं ज्या संचांवरून एकमेकांशी बोलतात, ते संच चालू ठेवणं हे त्यांचं काम. वाळवंटात झालं, बर्फात झालं, पूर्वेकडच्या डोंगरांत झालं, आणि शेवटी सार्जंट म्हणून निवृत्त होऊन ते घरी आले. गावानं त्यांचं नाव 'वायरलेस नाना' ठेवलं.

गावाला खरं तर ते वैमानिक हवे होते. सव्वीस जानेवारीला शाळेत पाहुणे म्हणून नाना ठरलेलेच, आणि मुख्याध्यापक दरवर्षी त्यांची ओळख 'शत्रूला धडकी भरवणारे आपले वैमानिक' अशी करून देत. नाना उठून माईक हातात घेत, आधी तो ठोकून बघत आणि म्हणत, "मी इमान चालवलं न्हाई. इमानात बसलो त्ये बी रजेवर येताना, पोत्यांच्या शेजारी. मी निस्ता स्क्रू ड्रायव्हर चालवला." पोरं खदखदून हसायची, मुख्याध्यापक कानकोंडे व्हायचे. पुढच्या वर्षी ओळख पुन्हा तीच असायची.

पण नानांची खरी मिरास म्हणजे त्यांचं रजिस्टर. निळ्या पुठ्ठ्याचं, लांबडं, दाराशेजारच्या खिळ्याला सुतळीनं टांगलेलं. बिघाडाला ते 'स्नॅग' म्हणत आणि घरातला एकूण एक स्नॅग त्यात लिहिला जायचा. गोठ्याच्या दाराची वरची बिजागरी सैल. मिक्सरचं मोठं भांडं वाजतं. मोटरचा स्टार्टर सकाळी पहिल्या झटक्याला धरत नाही. ज्याला बिघाड दिसला त्यानं लिहून सही करायची, आणि दुरुस्ती झाली की दुसऱ्यानं तपासून लाल पेनानं सही करायची. नानींना एकदा मिक्सर तपासून सही करायला लावली, तेव्हा त्या भडकल्या. "त्यात माजं नाव घातलं ना, तर रजिस्टर बंबात घालीन!" नाना शांतपणे म्हणाले, "तुजी नोंद घ्यायची तर पानं कुटं पुरणार?" त्या दिवशी त्यांना चहा मिळाला नाही, हे वेगळं सांगायला नको.

या खुळामागची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली. पूर्वेकडं असताना एका संचातली जोडणी मधेच तुटायची, मधेच लागायची. पाळी संपली, नानांना घाई होती, आणि पुढच्या पाळीच्या माणसाला ते लिहून द्यायचं राहिलं. त्यानं संच चांगला समजून वापरला. ढगात शिरलेल्या विमानाचा आवाज अकरा मिनिटं बंद पडला. विमान सुखरूप उतरलं, कुणाला काही झालं नाही, आणि दोष कुणाचा हे कुणाला कळलंही नसतं. नाना स्वतःच साहेबासमोर जाऊन उभे राहिले. बढती मागं पडली. "बिघाड असतोच गं पोरी," ते म्हणाले, "म्हाईत असला की माणूस त्याला धरून चालतो. मी एक ओळ लिवली न्हाई, म्हणून आकाशात एक माणूस अकरा मिन्टं एकटा पडला."

त्यांनी मला हे सांगायचं कारण माझा कान. आठ वर्षांची असताना माझा डावा कान फुटला. उपचाराला उशीर झाला आणि ऐकणं गेलं ते गेलंच. घरात यावर बोलायचं नाही, असा अलिखित कायदा झाला. मुलीची जात, उद्या लग्न व्हायचं, वगैरे. दोन वर्षांनी नाना गावी परतले आणि पहिल्याच आठवड्यात मला टोमॅटोच्या वावरात घेऊन गेले. दहा पावलांवर उभं राहून, कधी इकडून कधी तिकडून, "पाचपैकी किती?" असं विचारत राहिले. शेवटी जवळ येऊन म्हणाले, "डावा शून्य. उजवा साडेचार. साडेचारवर लई चांगलं भागतं, वैशे." त्या कानाबद्दल कुणीतरी माझ्याशी साध्या आवाजात बोलत होतं. मी घरी नाचत आले.

मग शिकवणी सुरू झाली. वर्गात डाव्या भिंतीला बस. पंगतीत डावं टोक धर. ओठांकडं बघ. आणि ऐकू आलं नाही तर परत विचार, 'हां हां' करू नको. या शेवटच्या कलमावर ते फार कडक होते. "'हां हां' म्हणणारा रेडिओवाला माणसं मारतो," असं ते दहा वर्षांच्या पोरीला बिनदिक्कत सांगत.

माझ्या लग्नाच्या वेळी हे सगळं पणाला लागलं. दोन स्थळं कानाचं कळल्यावर मोडली होती. तिसरं महाळुंगे पडवळचं, संतोषचं. त्याला मी आधीच पाहिलं होतं. नारायणगावच्या मार्केटला तो टोमॅटोची पिकअप घेऊन यायचा, आणि गाडी मागं घेताना स्वतःच तोंडानं भोंगा वाजवायचा. असा माणूस मला हवा होता, अगदी मनापासून हवा होता. अण्णांनी ठरवलं, या वेळी तोंड उघडायचं नाही. लग्न झाल्यावर बघू. मला खोलीत अशी खुर्ची दिली, की पाहुणे उजवीकडं येतील. पाहुणे यायच्या दिवशी सकाळी मी नानांना गाठलं.

"नाना, तुम्ही सांगून टाकणार ना?"

"न्हाई. मी कशाला? स्नॅग ज्याचा, सही त्याची. बोलायचं का न्हाई त्ये तू ठरव."

मला त्यांचा इतका राग आला, की मी त्यांच्या चहात साखरच घातली नाही. त्यांनी तो तसाच प्यायला.

पाहुणे आले. पोहे झाले. आणि अण्णांचा सगळा बेत संतोषच्या आत्यांनी मोडला. त्या उशिरा आत आल्या आणि जागा नाही म्हणून माझ्या डाव्या अंगाला पाटावर बसल्या. त्यांनी मला काहीतरी विचारलं असावं, दोनदा विचारलं असावं. मला कळलं ते सगळे माझ्याकडं बघायला लागल्यावर. आत्या म्हणत होत्या, "पोरगी गुर्मीची दिसती बया. उत्तर बी देईना."

अण्णा पंख्याकडं बघत होते. आई पदर चावत होती. मी नानांकडं पाहिलं, तर ते बशीतले शेंगदाणे वेचत होते. एका शब्दाची मदत नाही! त्या वेळी 'बाई गं, लक्ष नव्हतं' म्हणून निभावलं असतं. संतोष मिळाला असता.

"आत्या," मी म्हणाले, "मला डाव्या कानानं अजिबात ऐकू येत नाही. लहानपणापासून. राग मानू नका, या बाजूला बसा."

खोलीत इतकी शांतता झाली, की तेवढी मलाही ऐकू आली. आता नाना हलले. शेंगदाणे खाली ठेवून म्हणाले, "पावणं, आमचं आमी सांगितलं. आता तुमच्याकडचं बी काय असंल त्ये येऊ द्या. ताबा देताघेता दोन्ही अंगानं लिवायचं असतं."

संतोषनं हात वर केला, शाळेत करतात तसा. "मी घोरतो," तो म्हणाला.

"घोरतो म्हंजी काय!" त्याची आई उसळली. "शेजारचं कुत्रं उठून भुकतं!"

आधी हसल्या त्या आत्याच. हसता हसता उठून माझ्या उजव्या अंगाला आल्या आणि म्हणाल्या, "मग हिनं चांगला कान उशीवर ठिवला की झालं की ओ!" सगळं घर हसलं. अण्णा तर डोळे पुसत हसले. नानांनी खिळ्यावरून रजिस्टर काढलं, दोन ओळी लिहिल्या आणि आमच्या दोघांच्या सह्या घेतल्या. मी काय संच आहे का, असं मी विचारलं. पण सही केली, आणि फार आनंदानं केली.

त्याला चौदा वर्षं झाली. संतोष घोरतो आणि मी आत्यांच्या सल्ल्याप्रमाणे झोपते.

मागच्या वर्षी माहेरी गेले, तर नानी डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "ह्यो माणूस माज्याशी बोलंना झालाय गं. मी काय बी सांगावं, आन् ह्यांनी 'हां हां' म्हणून खिडकीबाहेर बघावं. ह्या वयात माजा कंटाळा आला असंल." गावातही कुजबुज होती, की पासष्टी गाठल्यावर वायरलेस नानांना शिष्टपणा चढला.

मी दोन दिवस नुसती बघत राहिले. नाना उजवी बाजू भिंतीला लावून बसत होते. पंगतीत उजवं टोक धरत होते. आम्ही बोलताना आमच्या ओठांकडं बघत होते. हे सगळे डावपेच मला तोंडपाठ होते, फक्त उलट्या बाजूचे. तिसऱ्या दिवशी ते पडवीत बसले असताना मी त्यांच्या उजवीकडून, बेताच्या आवाजात म्हणाले, "नाना, तुमच्या रजिस्टरला आग लागलीय." ते पेपर वाचत राहिले.

मला हसू आलं आणि मग एकदम रडूच आलं. इंजिनांचा गोंगाट आणि हेडफोनमधली खरखर वर्षानुवर्षं ऐकलेला तो कान होता. मी रजिस्टर काढलं, नव्या ओळीवर लिहिलं, 'नाना – उजवा कान', आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं. बराच वेळ वाचत होते, तीन तर शब्द.

"रेडिओवाल्याचा कान गेला, ह्ये कुणाला सांगू, वैशे?" ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना घाबरलेलं पाहिलं.

"नानींना सांगा. त्या एकट्या पडल्यात."

त्यांचा चेहरा पडला. त्यांनी खिशातलं पेन काढून सही केली आणि नानींना हाक मारली. नानी पदराला हात पुसत आल्या. नानांनी मान खाली घालून सांगून टाकलं.

"येवढंच व्हय?" नानी म्हणाल्या. "आन् मी येड्यावानी सा म्हैनं रडती!" मग त्यांनी नानांना डाव्या बाजूनं असं काही झापलं, की सहा महिन्यांची थकबाकी एका दमात फिटली. नाना मान डोलवत, हसत ऐकत होते. एक शब्द सुटला तर "परत सांग" म्हणत होते, आणि नानी परत सांगत होत्या, अधिक जोरात.

संध्याकाळी ते मला नारायणगावच्या एसटी स्टँडवर सोडायला निघाले. रस्त्याला लागल्यावर मी सवयीनं त्यांच्या डावीकडं झाले, म्हणजे ते माझ्या उजवीकडं येतील. तेही मला डाव्या कानाकडं घ्यायला सरकायला लागले आणि मधेच थांबले. मीही थांबले. मी त्यांच्या चांगल्या कानाकडं होते आणि ते माझ्या. कुणालाच जागा बदलायची नव्हती. वारूळवाडी ते स्टँड आम्ही दोघं रस्ताभर बोलत गेलो, आणि एसटी आली तेव्हा बोलायचं निम्मं राहिलं होतं, म्हणून ती सोडून दिली.