सुपाच्या वहीतलं कोरं पान

आमच्या विश्रांतवाडीच्या इमारतीतल्या निवृत्त ड्राफ्ट्समनइतका सावकाश लिहिणारा माणूस पुण्यात दुसरा नसेल. मी आयुष्यभर वर्तमानपत्रात तासाभरात पानं सोडली. हे गृहस्थ एका वाक्यासाठी तीनदा येरवड्याला जाऊन येतात. जुन्या कारागिरांचं कसब त्या कारागिरांच्याच वस्तीच्या उपयोगासाठी लिहून ठेवायचं, हा त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग. स्वतःच्या हाताने करून पाहिल्याशिवाय ते लिहीत नाहीत, आणि लिहिलेलं कारागिराला वाचून दाखवतात. तो "नाही" म्हणाला की पान फाडतात. कल्हई शिकताना त्यांनी घरातलं एकही पातेलं सोडलं नाही. "यांचं शिक्षण संपलं की चहाला भांडं मिळेल," असं त्यांच्या पत्नी जिन्यात शांतपणे सांगत.

मग त्यांना येरवड्यातल्या एक बुरूड आजी भेटल्या. बांबूच्या कामट्यांची सुपं विणणाऱ्या त्या भागातल्या त्या शेवटच्याच. हात थरथरू लागले होते, सुना नोकरीला जात होत्या. वस्तीतल्या बचत गटाच्या बायकांना मात्र हे काम शिकायचं होतं. "हात चालतायत तोवर लिहून घ्या साहेब," आजी म्हणाल्या. साहेबांनी सुपाचा नकाशा काढला, वाचून दाखवला. आजींनी मान डोलावली. बायकांनी त्यावरून सूप विणलं, मिलिमीटरला बरोबर. पाखडायला घेतलं तर तांदूळ बाहेर आणि कोंडा आत.

"अहो, सूप बरोबरच आहे," आजी म्हणाल्या, "पण ते माझ्या हाताचं. जिला पाखडायचं, तिच्या कोपरापासून मुठीपर्यंत माप घ्यायचं. हे काय सांगायचं असतं होय?"

साहेबांनी पान फाडलं आणि टेप घेऊन वस्तीत दारोदार फिरू लागले. "काका, ब्लाउज शिवणार की काय?" एकीने विचारलं. त्यांनी गंभीरपणे "नाही, सूप" असं उत्तर दिलं आणि कोपर मोजलं. या वेळी काम नीट पुढे गेलं. फक्त काठ आवळायची रीत लिहायची उरली. ते काम आजी शेवटी झरझर उरकत, आणि साहेबांच्या हाताला ते अजून साधलं नव्हतं.

त्याच आठवड्यात आजींना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, वाचाही गेली.

वहीत शेवटच्या पानावर एकच ओळ आहे: "इथे आजी काय करतात, ते मला कळलं नाही." खाली सगळं कोरं. मी म्हटलं, "अंदाजाने लिहा. कोणाला कळणार आहे?"

"पाखडणारीला कळेल," ते म्हणाले. त्यानंतर आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत.

आता दर रविवारी बायका आपापल्या परीने काठ आवळलेलं सूप घेऊन आजींच्या खाटेपाशी बसतात आणि पाखडतात. आजी डोळे मिटून आवाज ऐकतात आणि नकारार्थी मान हलवतात. साहेब पेन्सिल खिशात ठेवतात. मागच्या रविवारी मीही गेलो होतो. वस्तीतल्या एका तरुण सुनेने पाखडायला घेतलं. आजींची मान हलली नाही. बराच वेळ हलली नाही. बायका साहेबांकडे बघू लागल्या.

साहेबांनी पेन्सिल काढली, वही उघडली, आजींच्या चेहऱ्याकडे पाहिलं. श्वास संथ चालू होता.

"झोप लागली असेल," ते हळूच म्हणाले. "जाग्या झाल्या की पुन्हा पाखड हं, बाळ." आणि खाटेशेजारी जमिनीवर मांडी घालून ते वाट पाहत बसले.