नन्हा धोंडबा

धोंडबाजींच्या सायकल दुकानातला रेडिओ कधी बंद म्हणून नसायचा. महाल भागातली आम्ही कॉलेजची पोरं हवा भरायच्या निमित्ताने तिथे रेंगाळायचो. नवीन गाणं आधी कुठे लागतं, सिलोनवर की विविध भारतीवर, यावरून आमची हमरीतुमरी चालायची. एकदा त्यांनाच विचारलं.

"विविध भारती साफ आइकू येते," ते म्हणाले, "पण सिलोनवाले फर्माईशीची नावं लय वाचतात. सिलोनच चांगलं."

हे कसले रसिक, म्हणून आम्ही खिदळलो. गाणं सुरू झालं की हा माणूस पंक्चर काढायला वळायचा. नावं वाचली जात तेवढ्यापुरतेच त्याचे हात थांबायचे.

खरं काय ते त्यांच्या बायकोने, कौसल्याबाईंनी, माझ्या आईला सांगितलं. मुलगा मधुसूदन फर्माईशी पाठवायचा आणि त्यात घरच्या सगळ्यांची नावं घालायचा. सिनेमाच्या गाण्यासाठी आपलं नाव जगभर पुकारलं, म्हणून धोंडबाजींनी त्याच्या कानाखाली काढली. वर म्हणाले, "पुन्हा माह्यं नाव घेतलं, तर मी मेलो समज." पोरगं त्याच दिवशी घर सोडून गेलं. तेव्हापासून बाप त्याला रेडिओत शोधत होता.

चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात तो सापडला. मी दुकानातच होतो. निवेदकाने वाचलं, "भिलाई से मधुसूदन, सुभद्रा और नन्हा धोंडबा."

कौसल्याबाई आतून धावत आल्या. "आइकलं का! नातू झाला आपल्याले! तुमचंच नाव ठेवलं!" बोलता बोलता त्यांचा चेहरा उतरला. धोंडबाजींनी हातातला पाना खाली ठेवला. त्यांच्या घराण्यात आजोबाचं नाव नातवाला देतात, पण आजोबा गेल्यावर. जिवंतपणी दिलं तर दोघांतल्या एकाला बाधतं, असं मानतात. पोराने बापाचा शब्द खरा धरला होता.

"भिलाईले जाऊ, त्याले शोधू. तुम्ही हाये म्हणून सांगू," कौसल्याबाई म्हणाल्या.

"नाई. मग पोराचं नाव बदलवन तो. लेकरू हाये ते, नाव राहू दे त्याच्यापाशी."

"अन् माह्या कुंकवाचं काय?" त्या ओरडल्या. धोंडबाजी पंक्चर काढायला वळले.

त्या दिवसापासून ते नावाने हाक मारली तरी मान वर करत नसत. गिऱ्हाइकांना वाटलं, म्हातारा बहिरा झाला. मी एकदा खांदा हलवून "धोंडबाजी" म्हटलं, तर शांतपणे म्हणाले, "तो भिलाईले राहते." मग मला तिथे एकट्याने जायची भीतीच वाटू लागली.

तरी उन्हाळ्यात ट्यूब फुटली आणि जावंच लागलं. धोंडबाजी माझ्याकडे पाठ करून चाक फिरवत होते. रेडिओवर फर्माईशी चालल्या होत्या. भिलाईचं नाव आलं, मधुसूदनचं आलं, सुभद्राचं आलं. मग निवेदकाने पुकारलं, "नन्हा धोंडबा."

चाक थांबलं. कुणालाच न दिलेली ओ धोंडबाजींनी रेडिओला दिली.